तुम्ही बाहेर बसा

(आलेल्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईंनी लिहिलं आहे. त्यांच्या मुलीला सातव्या वर्षी टाइप वन डायबिटीस झाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. गेली अकरा वर्षं एकाच बालरोगतज्ज्ञांचे उपचार चालू होते. रात्री-अपरात्री फोन केला तरी ते उचलायचे. मुलीला अठरा पूर्ण झाली तेव्हा त्यांनी केसपेपरवर ‘पुढील उपचार फिजिशियनकडे’ एवढी एक ओळ लिहिली आणि शुभेच्छा दिल्या. नव्या डॉक्टरांकडे मायलेकी एकदाच गेल्या. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, ‘किती युनिट घेतेस?’ तिने आईकडे पाहिलं. आई सांगू लागल्या तशी डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही बाहेर बसा.’ वीस मिनिटांनी मुलगी बाहेर आली, आत काय बोलणं झालं ते तिने आजवर सांगितलेलं नाही. त्या भेटीत बाटलीतलं इन्सुलिन बंद होऊन पेन सुरू झालं. तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी, गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ९.४ आली आहे. मुलीच्या डायरीतले आकडे आणि मीटरमधले आकडे जुळत नाहीत, हेही आईंच्या लक्षात आलं आहे. दीड महिन्याने मुलगी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला हॉस्टेलवर जाणार आहे. आईंचे प्रश्न असे: जुन्या डॉक्टरांनाच गळ घालून उपचार तिथेच चालू ठेवावेत का? पुण्यात खोली घेऊन मुलीजवळ राहावं का? की पुणं सोडून जवळच्याच कॉलेजात घालावं? आणि ‘हॉस्टेलवर कुणाला काही सांगू नकोस, पुढे लग्नाचं बघायचंय’ असं मुलीला बजावलं आहे, ते बरोबर ना?

प्रिय ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले आणि ‘आम्ही’ या शब्दाखाली रेघा मारत गेले. ‘आम्ही सकाळी आठ युनिट घेतो.’ ‘आमची शुगर पहाटे वाढते.’ ‘मे महिन्यात आमची शुगर दोनदा लो झाली.’ पान काळंनिळं झालं. मुलीच्या तोंडचं वाक्य मात्र चार पानांत एकच सापडलं: ‘आईला विचारा, तिला माहीत आहे.’

चूक काढायची म्हणून हे सांगत नाही. सात वर्षांच्या पोरीच्या दंडाला दिवसातून चार वेळा सुई लावायची तर ‘आम्ही’च म्हणावं लागतं. ‘तुला टोचते’ म्हणायला आईची जीभ रेटत नाही. त्या ‘आम्ही’च्या जोरावर तुम्ही अकरा वर्षं काढलीत, मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि या काळात तिला एकदाही बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं नाही. ते श्रेय तुमचंच. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर तेच ‘आम्ही’ आडवं आलं. मुलीला प्रश्न कळला नव्हता असं नाही. उत्तर देणं आपलं काम आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी डॉक्टर नाही. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम केलं. त्यामुळे कुठलं इन्सुलिन किती, हे मी सांगणार नाही. बालरोग विभागाच्या दारातून बाहेर पडलेली मुलं पुढे कुठे जातात, ते मात्र मी पाहिलेलं आहे, आणि त्याची थोडी लाजही वाटते. आमच्याकडे वयाची मर्यादा ओलांडली की मुलाची फाइल बंद व्हायची आणि हातात चिठ्ठी पडायची: मेडिसिन ओपीडी, खोली नंबर अमुक, वार तमुक. मुलांच्या ओपीडीत नर्स नावाने हाक मारायची, भिंतीवर ससे-हत्ती असायचे. मोठ्यांच्या ओपीडीत शंभर माणसांची रांग आणि भिंतीवर काळ्या पडलेल्या पायाचं पोस्टर. रांगेतले आजोबा विचारणार, ‘एवढ्या लहान वयात शुगर? गोड फार खाल्लंस का गं?’ काही मुलं त्या रांगेत एकदा उभी राहिली आणि परत आलीच नाहीत.

त्यातला एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. एकोणीस वर्षांचा, टाइप वनचाच. गावाकडे कुणीतरी त्याला सांगितलं, इतकी वर्षं इन्सुलिन झालं, आता गोळ्यांवर येऊ. चौथ्या दिवशी तो उलट्या आणि धाप घेऊन कॅज्युअल्टीत आला. वाचला. त्याच्या आईने मला विचारलं, ‘बाई, लहान मुलांच्या डॉक्टरांनी हे आधी का नाही सांगितलं?’ मला उत्तर देता आलं नाही. गोळ्या देणाऱ्याची चूक तर होतीच. पण त्या मुलाच्या खिशात ‘याला टाइप वन आहे, इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये’ असं लिहिलेला कागद नव्हता, ही चूक आमची होती.

म्हणून तुमचा राग मला अर्धा पटतो. ‘डॉक्टरांनी हात झटकले’ असं तुम्ही लिहिलंय. अकरा वर्षांच्या नात्याची बोळवण एका ओळीत करायची नसते. ही तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी होती: तपासणीतली पाच मिनिटं मुलीशी एकटीशी बोलणं, प्रश्न तिला विचारणं, निघताना नीट पत्र देणं. ते झालं नाही. पण त्यांनी सोडलं म्हणजे टाकलं, असं मला वाटत नाही. तुमच्या मुलीला इथून पुढे लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामातल्या नाहीत. डोळ्याच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची दरवर्षीची तपासणी, रक्तदाब, थायरॉइड, पुढे गरोदरपण. शिवाय रात्री बारा वाजता भरती करायची वेळ आली तर अठरा वर्षांच्या मुलीला मुलांच्या वॉर्डात घेत नाहीत. तेव्हा तिला ओळखणारा मोठ्यांचा डॉक्टर आधीपासून असलेला बरा.

मग जुन्या डॉक्टरांना गळ घालायची का? घाला, पण वेगळी गळ. ‘आम्हाला ठेवून घ्या’ म्हणू नका. ‘एक वर्ष दोघे मिळून बघाल का?’ असं विचारा. त्यांच्याकडून एक पान लिहून घ्या. निदान कोणत्या साली आणि कसं झालं, आजवर कितीदा भरती करावं लागलं, सध्याचं इन्सुलिन कोणतं आणि कुठल्या वेळेला किती, लो होताना तिला आधी काय जाणवतं, झोपेत कधी लो झाली होती का, डोळे-किडनी-थायरॉइड शेवटचं कधी तपासलं, ॲलर्जी काय, आणि वर ठळक अक्षरात ‘टाइप वन’. अकरा वर्षांची जाड फाइल कोणताही डॉक्टर पहिल्या भेटीत वाचत नाही. पान वाचतो. ते इंग्रजीत असू द्या. एक प्रत तिच्या पाकिटात, एक फोटो तिच्या मोबाइलमध्ये, आणि एक तुमच्याकडे. ते लिहून घ्यायला मात्र तिने जायचं. तुम्ही रिक्षाचे पैसे द्या.

आता ‘तुम्ही बाहेर बसा’.

तुमचा अपमान झाला. पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय, म्हणजे तो अजून सलतोय. डॉक्टरांनी आधी दोन वाक्यं बोलायला हवी होती, ‘आई, मी सगळ्याच मोठ्या मुलामुलींशी थोडा वेळ एकट्याने बोलतो, मग तुम्हाला बोलावतो’ अशी. ती त्यांनी बोलली नाहीत आणि नंतर तुम्हाला बोलावलंही नाही. हे चुकलं. पण बाहेर बसवणं चुकलं नाही. अठरा पूर्ण झालेल्या माणसाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःची लागते, हा कायदा झाला. कायदा बाजूला ठेवला तरी काही गोष्टी अशा आहेत की त्या आईसमोर विचारल्या तर उत्तर खोटं येणार. इन्सुलिनचा डोस मुद्दाम चुकवतेस का? काही मुली चुकवतात, कारण इन्सुलिन कमी घेतलं की वजन झपाट्याने उतरतं, आणि ते फार धोक्याचं असतं. मैत्रिणींसोबत कधी दारू घेतलीस का? तुमची मुलगी घेणार नाही असं मीही धरून चालते. पण दारू पोटात असताना यकृत साखर सोडायचं काम मागे टाकतं, आणि काही तासांनी, बहुतेक झोपेत, शुगर धाडकन उतरते, हे हॉस्टेलवर जाणाऱ्या टाइप वनच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं. घेणार नसेल तरीही. पाळीच्या आधी शुगर का चढते, पुढे मूल होईल ना, हे तरी ती तुमच्यासमोर विचारेल का? (त्याचं उत्तर तुम्हालाही सांगून ठेवते: होतं. टाइप वनच्या बायकांना धडधाकट मुलं होतात. गर्भ राहण्याआधीच शुगर नीट बसवावी लागते, एवढंच.)

त्या वीस मिनिटांत काय झालं ते तिला विचारू नका. हे तुम्हाला जड जाणार, मला ठाऊक आहे.

डायरीच्या आकड्यांबद्दल तुम्ही ‘खोटं बोलायला शिकली’ असं लिहिलंय. ताई, मीटरवर २६० दिसलं की घरात काय होतं ते जरा आठवा. ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न असतो, नाही का? ११० आलं की ‘शहाणी माझी ती’. म्हणजे आकड्याला मार्क मिळतात. मार्क कमी पडले की मुलं प्रगतिपुस्तकावर काय करतात, ते आपण शाळेत पाहिलंय. २६० हा फक्त आकडा आहे, आता काय करायचं ते सांगणारा. तिला तो लपवावासा वाटू नये एवढं घरी जमलं तरी बरंच झालं. आजपासून महिनाभर तुम्ही डायरी उघडू नका. मीटरची मेमरीही नको.

९.४ हा आकडा चांगला नाही, त्यावर रंग चढवणार नाही. पण तो सगळा तिच्या हलगर्जीपणाचा नाही. वयात येतानाची संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, तोच डोस पुरेनासा होतो. बारावीचं वर्ष, जागरणं, क्लासच्या आडव्यातिडव्या वेळा. शिवाय एक तपासणी सुचवते: हिमोग्लोबिन. लोह कमी असेल तर तीन महिन्यांची शुगर असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये लोह कमी असणं काही नवलाचं नाही. आणि हो, तिने डोस चुकवलेही असतील. अकरा वर्षं, दिवसाला चार सुया, म्हणजे सोळा हजारांहून जास्त वेळा टोचून घेतलंय तिने. कंटाळा येतो. एखाद्या दिवशी ‘नको आता’ वाटतं. या थकव्याबद्दल नव्या डॉक्टरांशी उघड बोलता येतं, आणि गरज पडली तर समुपदेशकाशीही.

हा आकडा आत्ताच खाली आणण्याला एक कारण आहे, ते तिलाही सांगा. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप वनच्या १४४१ जणांचा मोठा अभ्यास झाला. त्यात १३ ते ३९ वर्षांची माणसं होती. ज्यांची तीन महिन्यांची शुगर सातच्या आसपास ठेवली गेली, त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचं प्रमाण नऊच्या आसपास असलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी निघालं. अभ्यास संपल्यावर पुढे दोन्ही गटांचे आकडे जवळजवळ सारखे झाले, तरी सुरुवातीच्या चांगल्या वर्षांचा फायदा पुढची कित्येक वर्षं टिकला. शरीर तरुणपणातली वर्षं लक्षात ठेवतं. आणि डॉक्टर बदलण्याच्या गोंधळात नेमकी हीच वर्षं वाया जातात.

आता पुणं.

जवळच्या कॉलेजात घालायचं कारण फक्त डायबिटीस असेल तर माझं उत्तर नाही. मुलीला पुण्याचं ते कॉलेजच नको असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तिने सांगायला हवं. खोली घेऊन तुम्ही सोबत राहण्याबद्दल एकच अपवाद करते. तिला लो होताना काहीच जाणवत नसेल, घाम नाही, थरथर नाही, एकदम भानच जातं असं होत असेल, किंवा झोपेत कधी आकडी आली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. अशा मुलीने रात्री एकटं झोपू नये. तसं नसेल तर तुम्ही साताऱ्याच्या बाजूलाच राहा. पहिला आठवडा पुण्यात कुणाकडे उतरलात तर माझी हरकत नाही. खोलीचं भाडं वाचेल त्यातून स्ट्रिप्स घ्या. महिन्याचा खरा खर्च तोच असतो, आणि पैसे वाचवायला मुलं सगळ्यात आधी तपासणंच कमी करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना भरती झाल्यावर उपयोगी पडते, रोजच्या स्ट्रिप्सना नाही. परवडत असेल तर दंडावर लावायचा सेन्सर आहे, एक साधारण दोन आठवडे चालतो. त्याचे आकडे घरच्यांच्या मोबाइलवरही दिसू शकतात. दिसावेत की नाही, हे तिला ठरवू द्या. नाहीतर तुम्ही तिकडे कणीक मळता मळता तिची शुगर बघणार आणि तिला लेक्चरमध्ये फोन करणार. कापलेली नाळ मोबाइलवरून पुन्हा जोडायची नाही.

तुमच्याकडे दीड महिना आहे. तो पुण्याची रंगीत तालीम समजा, घरातल्या घरात. या सहा आठवड्यांत इन्सुलिन संपत आलंय हे तुम्ही आठवण करायची नाही. तिच्या लक्षात येऊ द्या. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये तिने जायचं, बॉक्सवरचं नाव आणि तारीख तिने वाचायची. ‘तेच आहे हो, कंपनी वेगळी’ असं काउंटरवर ऐकायला मिळतं, आणि साध्या इन्सुलिनऐवजी ३०/७० चं मिश्रण हातात पडू शकतं. चिठ्ठीवरचं आणि बॉक्सवरचं अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे तिला एकदा तरी दुकानात उभं राहून करू द्या. डॉक्टरांची वेळ तिने फोन करून घ्यायची. आठवड्यातून दोनदा बाहेरचं जेवू द्या, आणि डोस तिला ठरवू द्या. आजवरचा तिचा डोस तुमच्या पोळीवर बसलेला आहे. मेसची पोळी जाड, भात जास्त, आमटी पातळ, आणि रात्रीचं जेवण नऊला की साडेनऊला याचा नेम नाही. या तालमीत चुका होतील. तुम्ही शेजारच्या खोलीत असताना झालेल्या बऱ्या.

आजारपणाचा नियमही याच दिवसांत पाठ करून घ्यायचा, कारण हॉस्टेलवर पहिल्या पावसाळ्यात ताप-उलट्या होणारच. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नसतं. तापात शरीराला उलट जास्त लागू शकतं. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. दर दोन-तीन तासांनी शुगर, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्लासारखे पदार्थ) बघायच्या पट्ट्या कपाटात तयार. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि जलद चालला असेल तर सकाळची वाट बघायची नाही, कॅज्युअल्टी गाठायची आणि दारातच सांगायचं: ‘मला टाइप वन आहे.’

पुण्यातला डॉक्टर ठरवताना नुसती पाटी बघू नका. डायबिटीसचे बहुतेक रुग्ण टाइप टूचे असतात, त्यामुळे चांगल्या फिजिशियनलाही टाइप वनची तरुण मुलं फारशी भेटलेली नसतात. फोनवर सरळ विचारायला सांगा: तुमच्याकडे टाइप वनचे किती जण येतात? आहारतज्ज्ञ आहेत का? रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? शक्य असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांचे तज्ज्ञ, बघा. ज्यांनी तुम्हाला बाहेर बसवलं त्या डॉक्टरांकडे मी अजून एकदा जाऊन बघेन. मुलीशी ते वीस मिनिटं बोलले. मोठ्यांच्या ओपीडीत वीस मिनिटं म्हणजे फार झाली. या वेळी दारातच त्यांना विचारा, ‘शेवटची पाच मिनिटं मी येऊ का?’ आणि मुलीकडे बघून विचारा.

लग्नाच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार आहे. रूममेटला न सांगता हॉस्टेलवर राहायचं, हे मला साफ अमान्य आहे. शुगर ७० च्या खाली गेली आणि हात थरथरायला लागले तर कपाटातली ग्लुकोज पावडर कोण काढून देणार? शेजारच्या खाटेवरची मुलगीच. तीन सपाट चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा लाडू नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. आणि भान गेलेलं असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची. एवढं त्या मुलीला पहिल्याच रात्री माहीत हवं. रेक्टरबाईंनाही हवं, कारण इन्सुलिनचे जादाचे बॉक्स ठेवायला फ्रीज त्यांच्याच ऑफिसात असतो. (फ्रीजरच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. चालू असलेलं पेन खोलीत राहिलं तरी महिनाभर टिकतं. मात्र उन्हात किंवा एसटीच्या खिडकीत नको.) वर्गात, नातेवाइकांत, पुढे एखाद्या स्थळाला कधी आणि काय सांगायचं, हे तिने ठरवायचं. लग्न ठरताना मात्र लपवून चालणार नाही. पण तेव्हाही सांगेल ती, तुम्ही नाही.

लपवण्याची ही रीत काही आपलीच नाही. एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी होती, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांची लेक. इन्सुलिन नुकतंच निघालं होतं. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी डॉ. बँटिंग यांच्याकडे आणलं तेव्हा ती पंधरावं वर्ष पुरं करत होती आणि वजन वीस किलोच्या आसपास होतं. तिथूनच ती आईला पत्रं लिहायची. पुढे कॉलेज केलं, लग्न केलं, मुलं झाली, १९८१ पर्यंत जगली. आणि जवळजवळ आयुष्यभर तिने हा आजार लोकांपासून लपवून ठेवला. मी ही गोष्ट पूर्वी ‘बघा, किती जगली’ म्हणून सांगायचे. आता सांगताना वाटतं, एवढी वर्षं, एवढ्या जेवणांआधी, ती कुठल्या ना कुठल्या दाराआड जाऊन सुई घेत असेल.

तुमच्यासारखी पत्रं मला इतर आजारांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना घरचे सांगतात ‘आता बरा झालास’, आणि तपासणी थांबते. फॅलो टेट्रालॉजीसारख्या हृदयाच्या जन्मजात दोषात फुप्फुसाकडे जाणारी झडप पुढे वर्षानुवर्षं गळू शकते आणि त्रास जाणवेपर्यंत हृदय मोठं झालेलं असतं. तपासणी आयुष्यभराची आहे. फिटच्या औषधात व्हॅल्प्रोएट असेल आणि मुलगी वयात आली असेल तर न्यूरॉलॉजिस्टशी आत्ताच बोला. गरोदरपणात ते बाळाला घातक ठरू शकतं. स्वतःहून बंद मात्र करायचं नाही. थॅलेसेमियाची मुलं रक्त घ्यायला येतात, पण लोह उतरवायच्या गोळ्या सतराव्या-अठराव्या वर्षी गुपचूप सोडतात, त्यांना डायरी तपासणारी आई नाही, बोलायला कुणीतरी हवं असतं. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलांनी मोठ्यांच्या कॅज्युअल्टीत जाताना कार्ड बरोबर ठेवावं, म्हणजे वेदनेने तळमळणाऱ्या पोराला कुणी ‘नाटक करतोय’ म्हणणार नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. प्रमाणपत्र काढलं नसेल तर कॉलेज प्रवेशाआधी काढा. टाइप वन त्या यादीत नाही, ताई, त्यासाठी तुम्ही खेटे घालू नका.

आणि तुमचं काय, हे तुम्ही पत्रात विचारलेलं नाही. अकरा वर्षं तुम्ही पहाटे तीनचा गजर लावून उठताय. ती पुण्याला गेल्यावर पहिले काही आठवडे तो गजर नसतानाही तुम्हाला जाग येणार आहे. तेव्हा तिला मेसेज करायचा नाही. संध्याकाळी एकदा करा, आणि त्यात ‘किती आली?’ हा प्रश्न नको. मेसमध्ये भाजी कुठली होती ते विचारा. शुगरचं सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. तिला अडचण आली तर तिने कुठल्या वेळी, कुठल्या आकड्याला तुम्हाला फोन करायचाच, हे मात्र निघण्याआधी दोघींनी बसून ठरवा आणि कागदावर लिहा. तो कागद तिच्या अक्षरात असू द्या.

तुमची,
सदरलेखिका

ता. क. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पेन बिघडलं तर असू द्यावं म्हणून जुन्या बाटलीच्या सिरिंज तिच्या बॅगेत टाकल्या आहेत. त्या आजच काढा. आपल्याकडच्या जुन्या बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांच्या सिरिंजचं टोपण लाल असतं. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. घाईत कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने आठच्या खुणेपर्यंत ओढलं तर पोटात वीस युनिट जातील. जादाचं दुसरं पेन द्या. सिरिंज द्यायचीच असेल तर केशरी टोपणाची, शंभरची, तीही डॉक्टरांना विचारून.